मायाताई टेकडी उतरल्या

हॉर्न वाजला तेव्हा सभागृहात सगळे डोळे मिटून बसले होते. एकदा वाजला, थांबला आणि मग कुणीतरी बटणावर तळहातच ठेवून दिल्यासारखा वाजत राहिला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंची मान हलली. मागे कुणीतरी खोकलं.

"श्वासावर या," मायाताई म्हणाल्या. "आवाज आहे. असू दे. श्वासावर या."

त्यांचा स्वतःचा श्वास मात्र केव्हाच छातीत अडकला होता. जीप कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. त्या हळूच उठल्या, दार मागे लोटून घेतलं आणि चपला न घालताच आवारात उतरल्या.

अल्पेश जीपला टेकून उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं. सोबत दोन मित्र, त्यातला एक स्टिअरिंगवर.

"मायाताई, नमस्ते. डिस्टर्ब केलं, सॉरी हां. बायकोला न्यायला आलोय. बोलवा जरा तिला."

"आधी हॉर्न बंद करायला सांगा. आत शिबिर चाललंय."

त्याने हात वर केला. हॉर्न थांबला. "बघा, किती रिस्पेक्ट करतो तुमचा. अब आप भी करो ना. घर का मामला है."

"ती यायला तयार असेल तर मी अडवणार नाही. पण ती नाही म्हणते."

"ती कोन नाय म्हननारी?"

हे तो भांडायला म्हणाला नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. मायाताईंची कानशिलं तापली.

"आता जा," त्या म्हणाल्या.

अल्पेशने टेकडीवरून खाली जाणाऱ्या कच्च्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता वळणं घेत खरवई गावाच्या अंगाला उतरत होता आणि पायथ्याशी त्याच्या बापाच्या, मधुशेठच्या शेतातून जात होता. "या रस्त्यानंच जातो," तो म्हणाला. "आमचाच हाय ना तो."

*

धम्मटेकडी बदलापूरच्या पुढे होती. डांबर संपायचं, मग शेतं, मग नुसता चढ, आणि वर पोचलं की समोर मलंगगडाची रांग. मोरिवलीच्या शिवरामदादांनी आयुष्यभराच्या ओळखी पणाला लावून ही जागा मिळवली होती. वर एक सभागृह, राहायच्या दोन बराकी, एक स्वयंपाकघर आणि कायम राहणारी सात-आठ माणसं. महिन्यातून एकदा मौनाचं शिबिर. उल्हासनगर, अंबरनाथ, बेलवलीची माणसं यायची. कारखान्यातले, बँकेतले, शाळेतले. डोक्यातला कलकलाट खाली ठेवून दहा दिवस गप्प बसायची आणि जाताना मायाताईंना वाकून नमस्कार करायची. मायाताई ते करू द्यायच्या नाहीत.

टेकडी चालवायची म्हणजे ध्यान शिकवायचं एवढंच नव्हतं. मोटार जळली की दुरुस्त करून आणायची, विंचू चावला की औषध द्यायचं, कुणी पहाटे रडायला लागलं की शेजारी जाऊन बसायचं. हे सगळं मायाताई एकट्या बघायच्या. मायाताईंना राग येत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

खरं तर त्यांना राग आला नाही असा दिवस उगवत नसे. वर येण्याआधी त्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या, त्यातली बरीच वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात. केळीच्या पानावर निजवलेल्या बायका. उशाशी नवरा, पायाशी सासू, आणि बाईच्या ओठांतून एकच वाक्य: स्टोव्हचा भडका उडाला. मायाताई ड्रेसिंग करायच्या, घरी यायच्या आणि भांडी आपटायच्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हा शिवरामदादांनी त्यांना मोरिवलीच्या विहारात पहिल्यांदा बसवलं. "माया, राग हा निखारा आहे," दादा म्हणाले होते, "फेकण्याआधी आपलाच हात भाजतो." ते त्यांना पटलं होतं. निदान बसलं की हात थरथरायचे थांबत. नोकरी सोडून त्या दादांच्या टेकडीवर आल्या, त्याला आता आठ वर्षं होत आली होती.

अल्पेशच्या बायकोला, उन्नतीला, वर आणलं ते तिच्या आजीने. ठमाबाई टेकडीच्या मागच्या पाड्यावरून रोज दूध घालायची. शिबिर सुरू व्हायच्या आदल्या सकाळी ती आली ती किटलीबरोबर नातीचा हात धरून.

"माये, हिला ठेव तुज्याकं. परत खाली धारलीस त मरंल." तिने नातीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "डोला बग कसा काला परलाय. बापूस सांगतं, दिलीय तिथं ऱ्हा. म्हनून मीच आनली."

डोळ्याखाली सूज होती. मायाताईंनी तिची मान वळवून कानामागे पाहिलं, मग मनगट, मग पाठ. तिथे जुनं आणि नवं दोन्ही होतं. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कमळाबाईंना म्हणाल्या, "माझ्या खोलीत हिचं अंथरूण घाला."

मौन उन्नतीला एक दिवसही झेपलं नाही. बावीस वर्षांची पोरगी, बदलापूरला ब्युटी पार्लरचा कोर्स केलेली. स्वयंपाकघरात कमळाबाईंशी तिची कुजबुज अखंड चालायची. कमळाबाई अंबरनाथला झाडूकाम करून निवृत्त झालेल्या. टेकडीवर सगळ्यात कडक मौन त्यांचं. पण या पोरीपुढे त्याही विरघळल्या होत्या.

"ताई, मला नाय जमत गप बसायला," ती मायाताईंना म्हणाली. "डोळे मिटले की त्याचा आवाज येतो. त्यापेक्षा भाकऱ्या थापते."

"थाप," मायाताई म्हणाल्या. "तेही ध्यानच."

*

जीप गेली त्याच दिवशी दुपारी रस्त्यावर साखळी आली. मधुशेठच्या शेताच्या तोंडाशी दोन खांब रोवले आणि मध्ये जाड साखळी, तिला कुलूप. भाजीचा टेम्पो अर्ध्या वाटेवरून परत गेला. सिलिंडर येणार होतं, ते आलंच नाही. कमळाबाईंनी चुलीत लाकडं घातली आणि धुराने लाल झालेले डोळे पुसत म्हणाल्या, "दोन दिवस निघतील. मग तांदूळ नि मीठ."

संध्याकाळी उन्नती मायाताईंच्या खोलीत आली. अंगावर तिची आली त्या दिवशीची साडी.

"मी जाते, ताई."

"कुठे?"

"घरी. माझ्यामुळं तुमचं बंद नको पडायला. तो चार दिवस मारेल, मग गप होतो. मला माहितीय त्याचं."

मायाताईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी टेबलावर इतक्या जोरात आदळला की पाणी भिंतीवर उडालं. "बस खाली! कुठं जायचं नाही!"

उन्नती बसली नाही. ती भिंतीला चिकटली आणि तिने कोपर वर करून डोकं झाकून घेतलं.

तांब्यातलं उरलेलं पाणी टेबलावरून जमिनीवर ठिबकत होतं. मायाताई दोन पावलं मागे सरल्या. मग जमिनीवर बसल्या, मुद्दाम तिच्यापेक्षा खाली.

"तुझ्यावर नाही ओरडले," त्या म्हणाल्या. "पण ओरडले. चुकलं माझं."

उन्नतीने हात खाली केला.

"तुम्हाला पन राग येतो?"

"खूप येतो गं."

"मग बरंय," उन्नती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी टेकली. "मला वाटायचं, तुम्हाला कायच वाटत नाय."

*

दुसऱ्या दिवशी शिवरामदादा वर आले ते चालत. साखळीपाशी रिक्षा सोडावी लागली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, दर वळणावर थांबत, काठीवर भार देत चढला. सोबत धम्मदीप; टेकडीच्या ट्रस्टचा चिटणीस, ठाण्याच्या बँकेत ऑफिसर, स्वभावाने वाईट नसलेला. कमळाबाईंनी दोघांना पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच भाजी निवडत बसल्या. इथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

"मधुशेठकडे जाऊन आलो," दादा म्हणाले. "माणूस समजुतीचा आहे. म्हणतो, सून घरी येऊ द्या, रस्ता लगेच मोकळा. पोराला मी समज देतो म्हणतो. आपल्यासमोर शब्द देईल."

"कसला शब्द?"

"हात उचलणार नाही असा."

"त्याने उचलला नसता तर शब्द कशाला द्यावा लागला असता?"

धम्मदीप पुढे सरकला. "ताई, प्रॅक्टिकली विचार करा. त्या पट्ट्याशिवाय आपल्याला अॅप्रोचच नाही. पुढच्या महिन्यात नवीन सभागृहाचं काम काढायचंय. आपण धम्माचं काम करतो, फॅमिली कोर्ट नाही चालवत. आणि ही मुलगी आपली नाही. उद्या ते लोक याला वेगळाच रंग देतील. दोन समाजांत लागेल."

"तिची आजी तिला घेऊन आली, धम्मदीप. त्यांच्याच समाजातली. तिला रंग नाही दिसला, तुलाच बरा दिसला."

"माया," दादा मधेच म्हणाले, "तुझा राग बोलतोय."

मायाताई उभ्या राहिल्या. दादांसमोर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ होती, आणि चढवला तेव्हा तो सभागृहापर्यंत गेला.

"हो, रागच बोलतोय! बोलू दे त्याला! वर्षानुवर्षं मी त्याला श्वासात घोळवून गिळलाय, दादा. तुम्ही सांगितलंत म्हणून. मोरिवलीला कंपनीच्या गेटवर तुम्ही बसला होतात तेव्हा काय होतं ते? हात तुटलेल्या एका माणसाला कामावरून काढला म्हणून सगळी वस्ती तुम्ही तिथे आणून बसवलीत. मी लहान होते. माझा बाप तुमच्या शेजारी बसला होता. तो माणूस तुमचा कोण लागत होता?"

दादा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर चढाचा घाम अजून वाळला नव्हता.

"तेव्हा माझ्याकडे गमवायला काही नव्हतं, माया," ते हळू म्हणाले. "आता ही टेकडी आहे. किती घरं फिरून, किती जणांच्या हातापाया पडून उभी केली, ते तू बघितलंयस. संस्था टिकली तर हजार लोकांचं भलं होईल. एका पोरीसाठी..."

ते थांबले. वाक्य पुरं करवलं नाही त्यांना. पण ते अर्धं वाक्यच मायाताईंच्या जिव्हारी लागलं.

"मग टेकडी नसती तरच बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

कमळाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"ट्रस्टचा निर्णय झालाय, ताई," धम्मदीप म्हणाला. "उद्या दुपारी ते तिला न्यायला येतील. तुम्हाला मान्य नसेल तर जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

"द्या," मायाताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

सकाळी त्यांनी नेहमीसारखी घंटा वाजवली. सगळे बसले. मायाताई समोरच्या आसनावर न बसता उभ्या राहिल्या.

"मौन संपलंय," त्या म्हणाल्या. "शिबिर अजून संपलेलं नाही, पण मौन संपलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी कोण, कुणी आणली, अंगावर काय आहे, साखळी कुणी लावली, दुपारी काय ठरलंय. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. "मी तिला घेऊन मागच्या वाटेने खाली उतरतेय. पोलीस ठाण्यात. ज्यांना ध्यान पुढे चालू ठेवायचंय त्यांना कमळाबाई जेवण देतील."

चष्मा लावलेले एक गृहस्थ उठले. "मॅडम, आम्ही ऑफिसातून रजा काढून आलोय. शांतता मिळावी म्हणून. हे सगळं खाली असतंच हो रोज."

"असतंच," मायाताई म्हणाल्या. "मी तुम्हाला ते विसरायला शिकवत होते काय?"

ते गृहस्थ बसले. पण पुढच्या रांगेतल्या बाईंनी पिशवी उचलली. मग आणखी एक उठली. मागच्या बाजूने एक शिक्षिका, उल्हासनगरला पापड लाटणाऱ्या दोघी बहिणी, आणि दोन पुरुष. कमळाबाईंनी चूल विझवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "जेवण कोन देतंय? मी पन येतेय."

मागची वाट म्हणजे मोळ्या आणणाऱ्यांची पायवाट. घसरडा मुरूम, करवंदीच्या जाळ्या. पाड्यापाशी ठमाबाई वाटेतच उभी होती. तिने नातीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि काही न विचारता त्यांच्यात सामील झाली.

ठाण्यातल्या हवालदाराने आधी घोळका पाहिला, मग उन्नतीकडे. "कोनाची सून? मधुशेठची?" त्याने पेन खाली ठेवलं. "अहो, घरात मिटवा ना. साहेब बाहेर गेलेत. उद्या या."

"आम्ही थांबतो," मायाताई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. ठाण्याच्या आवारात पिंपळाखाली फरशी होती. "आत जे बोलायचं ते उन्नती बोलेल," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "आपण फक्त बसायचं. जसं वर बसतो तसं."

आणि त्या बसल्या. पाठ ताठ, हात मांडीत. त्यांच्यामागे बाकीचे. घोषणा नाहीत, फलक नाहीत. ऊन पिंपळाच्या पानांतून सरकत गेलं. तक्रारी घेऊन आलेली माणसं कडेकडेने आत जायची, मागे वळून बघायची. हवालदार दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा धीर सुटला होता. "मोर्चा हाय का? उपोषण? बोला तरी काहीतरी बाई!"

कुणी बोललं नाही.

अल्पेश आला, मधुशेठ आला. अल्पेश ओरडला, शिव्या दिल्या, उन्नतीकडे झेपावला. तेव्हा सगळ्या बायकांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ठमाबाईही पाहत होती. त्याच्या लग्नात हिनेच त्याला ओवाळलं होतं. तो थबकला. मधुशेठने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. "चल. लोक बगतान."

मायाताईंचा श्वास त्या दिवशी एकदाही शांत झाला नाही. त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. पोटातून छातीपर्यंत राग भरून आला होता, आणि त्या त्याच्याशेजारी बसल्या होत्या, त्याला न ढकलता. हात मात्र अजिबात थरथरत नव्हते.

ऊन कलताना साहेब आले. आवारातली माणसं पाहून त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि हवालदाराला आत बोलावलं. थोड्या वेळाने उन्नतीचं नाव पुकारलं. ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "ताई, मी एकटीच बोलते."

बराच वेळ ती आत होती. बाहेर येणारा तिचा आवाज आधी चाचरत होता. मग चाचरेनासा झाला.

*

अल्पेशला अटक झाली आणि जामीनही मिळाला. खटला सुरू झाला, तारखा पडत राहिल्या. साखळी निघाली, कारण मधुशेठला टेकडीशी भांडण नकोच होतं, आणि ट्रस्टने त्याच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली होती. नवीन सभागृह झालं. त्याच्या उद्घाटनाला कल्याणहून पाहुणे आले. मायाताईंना बोलावणं नव्हतं. टेकडी आता धम्मदीपने नेमलेले एक निवृत्त मास्तर चालवतात. शिबिरं भरतात, आणि चांगली भरतात, असं कमळाबाई सांगतात. त्या परत वर गेल्या, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. मायाताईंनी त्यांना दोष दिला नाही. टेकडीला मात्र दिला, रोज.

त्यांनी उल्हासनगरला एका सिंधी घरमालकाकडून पहिल्या मजल्यावरची खोली घेतली. खाली जीन्स शिवायचा कारखाना. सकाळी मशिनी सुरू झाल्या की फरशी थरथरायची. त्या एका खासगी दवाखान्यात दिवसपाळी करू लागल्या. उन्नती जवळच्या पार्लरमध्ये लागली. बायकांच्या भुवया कोरता कोरता अख्खा दिवस बोलायची. गुरुवारी संध्याकाळी खोलीत पाच-सहा जणी जमायच्या आणि मशिनींच्या आवाजात गप्प बसायच्या.

शिवरामदादा आले ते दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी. जिना चढून दारात उभे राहिले तेव्हा त्यांना धाप लागली होती. हनुवटीवर दाढीचे खुंट, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात.

"जय भीम, माया."

"जय भीम. या."

पूर्वी त्या उठून पाया पडल्या असत्या. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं आणि चहा ठेवला. दादांनी खोली पाहिली. खालच्या मशिनी ऐकल्या.

"फार आवाज आहे इथे."

"आहे."

"पोरगी बरी आहे?"

"कामावर गेलीय. बरी आहे."

दादांनी चहा बशीत ओतला, प्यायचा मात्र विसरले. "मी जात नाही आता टेकडीवर," ते म्हणाले.

"का?"

"गुडघे."

मायाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता टेकडीच्या दारापर्यंत रिक्षा जाते, हे त्यांना कमळाबाईंकडून कळलं होतं.

"राग गेला का तुझा?" दादांनी विचारलं.

"नाही."

दादांनी मान हलवली. खूप दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट कुणीतरी मोठ्याने सांगितल्यासारखी. मग ते उठले, काठी घेतली आणि भिंत धरत जिना उतरले.

मायाताई कपबश्या उचलायला वाकल्या आणि गॅलरीतून त्यांना खाली दादा दिसले. रस्त्याच्या कडेला उभे. जीन्सच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या, टेम्पो, मोटारसायकली. ते एक पाऊल टाकायचे आणि परत मागे घ्यायचे. कुणी थांबत नव्हतं.

त्यांनी थोडा वेळ तसंच पाहिलं. मग कपबश्या ठेवून खाली उतरल्या. मागून जाऊन त्यांनी दादांचं कोपर धरलं आणि दुसरा हात वर करून एका टेम्पोला थांबवलं. टेम्पोवाला काहीतरी पुटपुटला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. रस्ता ओलांडून त्यांनी दादांना रिक्षात बसवलं, काठी आत ठेवली आणि धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून मांडीवर सारला.

"मोरिवली," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "खड्डे बघून न्या. म्हातारा माणूस आहे."

दादा काहीतरी बोलायला लागले. रिक्षा सुरू झाली, आणि ते मायाताईंना ऐकू आलं नाही.